इंजेक्शन पाठीसाठी, पुटकुळ्या तळहातांवर

अडालिमुमॅब हे इंजेक्शन सोरायसिसवर देतात. ते घेत असतानाच मला सोरायसिस झाला. हे वाक्य मी आमच्या प्राचार्यांना, विमा कंपनीच्या फोनवरच्या मुलीला आणि आत्तेसासूबाईंना सांगून पाहिलं. दर वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर एकच भाव, हिनं काहीतरी उलटंसुलटं ऐकलेलं दिसतंय. म्हणून सगळं तारीखवार लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही, संगमनेरात एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. खाली आलेली औषधं माझ्या फाइलमधली आहेत. तुमच्यासाठी कुठली योग्य, ते तुमचे डॉक्टरच सांगतील.

पाठीचं थोडक्यात सांगते. पहाटे तीन-चारला कंबर धरून जाग यायची, उठून घरात येरझाऱ्या घातल्या की बरं वाटायचं. काही वर्षं "बायकांची कंबर दुखायचीच" यातच गेली. २०२२ च्या पावसाळ्यात नाशिकच्या संधिवाततज्ज्ञांनी एचएलए-बी२७ ची रक्ततपासणी आणि माकडहाडाच्या वरच्या सांध्यांचा एमआरआय करायला लावला, आणि दुखण्याला नाव मिळालं: अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा सुजेचा संधिवात. वर्षभर गोळ्या झाल्या. त्यांनी भागेना, तेव्हा जून २०२३ मध्ये डॉक्टर म्हणाले, "ताई, आता बायोलॉजिक सुरू करू."

सुरू करू म्हणाले तरी लगेच होत नाही. बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली, सुजेतलं एखादंच द्रव्य नेमकं अडवणारी औषधं. मला ठरलेलं औषध टीएनएफ नावाचं सूज वाढवणारं द्रव्य अडवतं, आणि शरीरात दबून बसलेल्या टीबीला दाबून ठेवण्याचं कामही टीएनएफच करतं. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, इग्रा ही रक्ततपासणी (मला तीन हजारांच्या आसपास पडली), शिवाय हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही. माझी इग्रा पॉझिटिव्ह आली. रिपोर्ट हातात पडल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही. पण याचा अर्थ टीबी झालाय असा नाही, जंतू अंगात सुप्त आहेत एवढाच. आपल्या देशात असे लोक पुष्कळ आहेत. आयसोनियाझिडच्या गोळ्या सुरू झाल्या, सोबत बी६. महिनाभर त्या घेतल्यावर पहिलं इंजेक्शन, आणि गोळ्यांचा कोर्स पुढे चालू ठेवून सहा महिने पूर्ण.

ऑगस्ट २०२३ मध्ये अडालिमुमॅब सुरू झालं. भारतात बनणारं बायोसिमिलर (म्हणजे मूळ औषधाबरहुकूम दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं), ४० मिलिग्रॅम, दर पंधरा दिवसांनी. खोक्यावरची किंमत बघून हबकू नका. कंपनीच्या पेशंटसाठीच्या योजनेत नाव घातलं की किंमत बरीच उतरते. मला एक इंजेक्शन दहा हजारांच्या आसपास पडायचं. नाव घालायला प्रिस्क्रिप्शन, आधारची प्रत आणि फॉर्मवर डॉक्टरांचा सही-शिक्का लागला.

नाशिकहून इंजेक्शन आणायचं ते थर्माकोलच्या डब्यात, दोन्ही बाजूंना बर्फाच्या जेलपिशव्या आणि मध्ये टॉवेल. २ ते ८ अंशांतच ठेवायचं, पण गोठलं तर ते बाद. त्यामुळे पिशवी थेट सिरिंजला टेकू द्यायची नाही. फ्रिजमध्येही फ्रीझरखाली लगेच नको आणि दारात नको, मधल्या कप्प्यात मागच्या भिंतीपासून थोडं दूर.

त्वचेवरचा पहिला परिणाम दुसऱ्याच इंजेक्शनला दिसला. मांडीवर टोचलेल्या जागी दुसऱ्या दिवशी दीड-दोन इंचाचा लालबुंद, गरम, खाजरा चट्टा. चार दिवसांत गेला. पुढच्या वेळी पुन्हा आला, त्यानंतर कमी होत होत थांबला. हा परिणाम नेहमीचाच आहे आणि बहुतेकांचा असाच आपोआप ओसरतो. सिस्टरांनी दिलेल्या सूचना अजून पाळते: इंजेक्शन फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचं, स्पिरिट पूर्ण वाळल्याशिवाय सुई लावायची नाही, नंतर चोळायचं नाही, आणि दर वेळी जागा बदलायची. पोटावर घेतलं तर बेंबीपासून दोन इंच सोडून. कॅलेंडरवर मी तारखेपुढे "उ.मां.", "डा.पो." अशा खुणा करायचे. घरच्यांना ते गॅस सिलिंडरचं काहीतरी वाटायचं.

पाठीला मात्र विलक्षण फरक पडला. त्या दिवाळीत मी जमिनीवर बसून चकल्या पाडल्या. बायोलॉजिकवर टीका करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, कारण पुढचे सगळे निर्णय या चकल्यांमुळे अवघड झाले.

फेब्रुवारी २०२४. डाव्या तळपायाच्या खोलगट भागात मोहरीच्या दाण्याएवढ्या पिवळसर पुटकुळ्या उठल्या. दुखत होत्या, खाजतही होत्या. आठवड्याभरात वाळून तपकिरी ठिपके झाल्या, त्यांचा पापुद्रा सुटला, आणि शेजारी नव्या आल्या. मग दोन्ही तळहात. अंगठ्याच्या बुडाशी त्वचा जाड होऊन तिला भेगा पडल्या. कानामागे आणि केसांत खपल्या. भाकरी थापताना पिठाच्या गरम पाण्याचा हात लागला की डोळ्यांत पाणी. लिंबू, मीठ, हिरवी मिरची यांचं तर विचारूच नका.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं न विचारता एक ट्यूब काढून दिली. "सगळ्यांवर चालतं, वहिनी." मागचं वाचलं: क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. म्हणजे एक जोरकस स्टेरॉईड, दोन जंतुनाशकं आणि एक बुरशीवरचं औषध, एकाच ट्यूबमध्ये. स्टेरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ पासून आहे, तरी ती अशी विकली जातात. बायोलॉजिकवर असलेल्या माणसाला खरोखरच नायटा असेल तर स्टेरॉईडनं तो वरवर दबतो आणि आतून पसरतो. शिवाय नंतर तपासणीत काही नीट दिसत नाही. मी ट्यूब परत केली. जवळच्या फॅमिली डॉक्टरांनी नायटाच आहे म्हणून गोळ्या लिहिल्या. त्यांना इंजेक्शनबद्दल सांगितलं, तर म्हणाले, "त्याचा याच्याशी काय संबंध?"

इथून पुढचे काही आठवडे फार कंटाळवाणे गेले. नाशिकच्या संधिवातवाल्यांना फोन केला. त्यांनी पुढचं इंजेक्शन थांबवायला सांगितलं आणि स्किनवाल्यांना दाखवा म्हणाले. त्वचारोगतज्ज्ञांची वेळ मार्चच्या मध्यावर मिळाली. घरात तोवर एकच घोषा होता, "आधी ती इंजेक्शनं कायमची बंद कर." सासूबाई रोज रात्री तळपायांना खोबरेल लावायच्या आणि लावता लावता हेच म्हणायच्या. खोबरेलाला डॉक्टरांची नंतर ना नव्हती, बंद करण्याला होती.

या वाट बघण्याच्या काळात एक उपयोगाचं काम केलं: फोटो. दर दोन दिवसांनी, सकाळी, त्याच खिडकीत, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. पुटकुळ्या येतात-जातात, आणि डॉक्टरांसमोर नेमक्या वाळलेल्या असतात. सोबत इंजेक्शनच्या तारखा, बॅच नंबर आणि दुसरी सुरू असलेली औषधं एका कागदावर.

तो कागद त्वचारोगतज्ज्ञांनी आधी वाचला, मग हात बघितले. पहिला प्रश्न, "मिश्री, तंबाखू, बिडी?" तळहात-तळपायाच्या या प्रकारात धूम्रपानाचा संबंध मोठा असतो म्हणे. मी नाही म्हटल्यावर त्यांनी ब्लेडनं खवलं खरवडून काचपट्टीवर घेतलं. त्यात बुरशी निघाली नाही. पुटकुळी फोडून पू कल्चरला पाठवला, त्यात एकही जंतू वाढला नाही. हा पू जंतूंमुळे झालेलाच नसतो, नुसत्या पांढऱ्या पेशी गोळा झालेल्या असतात. म्हणजे अँटिबायोटिक कितीही घेतलं तरी उपयोग शून्य.

"हे इंजेक्शन तर मी स्वतः सोरायसिसला लिहितो," ते हसत म्हणाले, "पण असं होतं. पॅराडॉक्सिकल सोरायसिस म्हणतात. शंभरात दोन-पाच जणांना होतो, आणि तळहात-तळपाय ही त्याची आवडती जागा." मग कागदावर बाण काढून समजावलं. टीएनएफ अडवला की इंटरफेरॉन-अल्फा नावाच्या दुसऱ्या द्रव्यावरचा लगाम सुटतो, आणि काही जणांच्या त्वचेत तेच सोरायसिसची सुरुवात करून देतं. पाठीतली सूज मात्र तेवढ्यात उतरलेली असते. औषध बिघडलेलं नव्हतं, नकलीही नव्हतं. मूळ औषध घेतलं असतं तरी हे होऊ शकलं असतं. बायोसिमिलरमुळे झालं असेल का, ही माझ्या मनातली टोचणी तिथे संपली.

बायोप्सी तळपायातून घेतली तर चालायचे वांधे, म्हणून डाव्या तळहाताच्या कडेची चार मिलिमीटर त्वचा काढली. बधिर करण्याची सुई तळहातात जाते ती दहा सेकंदं वाईट. पुढचं काहीच कळत नाही. एक टाका, सगळं मिळून चार हजार. एक गोष्ट आवर्जून करा: पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर बायोलॉजिकचं नाव आणि ते कधी सुरू झालं, हे लिहिलंय ना ते बघा. माझ्या फॉर्मवर होतं, म्हणून आठवड्याभरानं आलेल्या रिपोर्टात सोरायसिससारखे बदल आहेत एवढंच न लिहिता औषधामुळे असण्याची शक्यताही नोंदवलेली होती. हाच कागद पुढे विम्याला कामी आला.

आता खरा तिढा. स्किनवाले म्हणाले, इंजेक्शन चालू ठेवायचं की नाही हे संधिवातवाले ठरवतील. संधिवातवाले म्हणाले, त्वचा कितपत आटोक्यात येते हे स्किनवाले सांगतील. दोघंही बरोबर होते आणि मी मधल्या मध्ये. शेवटी मी स्किनवाल्यांकडून लेटरहेडवर चार ओळी लिहून घेतल्या, त्या संधिवातवाल्यांच्या टेबलावर ठेवल्या, आणि म्हटलं, "सर, आत्ता फोन लावता का त्यांना?" त्यांनी लावला. पाच मिनिटं बोलले. बायोलॉजिक घेणाऱ्या कोणालाही हे करायला मी सांगेन. मोठे डॉक्टर रागावत नाहीत, उलट त्यांचंही काम सोपं होतं.

ठरलं ते असं: डोस चुकल्यानं पाठ पुन्हा बोलू लागली होती, म्हणून इंजेक्शन चालू ठेवून दोन महिने त्वचेवर उपचार करून बघायचे. एप्रिल-मे २०२४. रात्री क्लोबेटासॉल आणि कॅल्सिपोट्रिऑल, वर सुती मोजे आणि हातमोजे. दिवसा युरियाचं मलम. भांड्यांसाठी रबरी हातमोज्यांच्या आत सुती हातमोजे, कारण नुसत्या रबरात घाम येऊन आग होते. हात-पायांना अल्ट्राव्हायोलेट किरणांचा शेक आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारशे रुपये. संगमनेर-नाशिक आठवड्यातून तीनदा, नोकरी सांभाळून. तीन आठवड्यांत सोडून द्यावं लागलं. मेथोट्रेक्सेट या औषधाचा पर्याय निघाला होता, पण ते लिव्हरला जड, आणि तेव्हा माझे लिव्हरचे आकडे वर होते.

आणि कॉलेजात अंगठ्याची हजेरी! बोटांची सालं निघून रेषाच गेलेल्या. मशीनवर अंगठा ठेवला की आतली बाई इंग्रजीत म्हणायची, "प्लीज ट्राय अगेन." अंगठा, तर्जनी, दुसरा अंगठा, मागे रांग. कोणीतरी मागून म्हणायचं, "मॅडम, पुसून ठेवा." एक दिवस रांगेतल्या सरांनी माझ्यानंतर मशीन रुमालानं पुसलं. हे संसर्गानं पसरत नाही, हे मी त्या दिवशी त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. ऑफिसला त्वचारोगतज्ज्ञांचं प्रमाणपत्र जोडून अर्ज दिला, तेव्हा मस्टरवर सहीची परवानगी मिळाली. त्या अर्जाला पंधरवडा लागला आणि मधल्या दिवसांचा पगार कापला गेला, तो नंतर दुरुस्तीत आला. बँकेत आधारची पडताळणी बोटांनी होईना. तिथे ओटीपीवर काम झालं. बोटं नसली तरी आधारला डोळ्यांचा आणि चेहऱ्याचा पर्याय आहे, तो मागावा लागतो.

जूनअखेर दोन्ही डॉक्टरांचं एकमत झालं: अडालिमुमॅब बंद, सेक्युकिनुमॅब सुरू. हेही बायोलॉजिकच, पण टीएनएफऐवजी आयएल-१७ नावाचं सुजेचं दुसरं द्रव्य अडवतं, पाठीवर चालतं आणि सोरायसिसवरही. मात्र आतड्यांची सूज असलेल्यांना त्यानं त्रास वाढू शकतो, म्हणून आधी शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी. ती ठीक आली. १५० मिलिग्रॅम, सुरुवातीचे पाच डोस आठवड्याला एक, मग महिन्याला एक. पहिले पाच मिळून पाऊण लाखाला टेकले. पैसे पतपेढीतून उचलले.

म्हणून विमा. हॉस्पिटलात डे-केअरमध्ये घेतलेल्या डोसांचा दावा केला, तो "ओपीडी उपचार" म्हणून फेटाळला गेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, अनुभव बहुतेक सगळीकडे सारखाच. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत आधुनिक उपचारांची एक यादी आहे, आणि तिच्यात इंजेक्शननं दिल्या जाणाऱ्या मोनोक्लोनल अँटिबॉडीचा स्पष्ट उल्लेख आहे. मोनोक्लोनल अँटिबॉडी म्हणजे एकाच द्रव्याला नेमकं चिकटणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन, आणि सेक्युकिनुमॅब ही तीच. तेवढा मुद्दा, बायोप्सी रिपोर्ट आणि औषध का बदललं याचं डॉक्टरांचं पत्र जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केला, आणि हीच तक्रार बिमा भरोसा या सरकारी पोर्टलवर नोंदवली. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढे विमा लोकपाल. आपल्या भागासाठी त्यांचं ऑफिस पुण्यात आहे. मला तिथवर जावं लागलं नाही. नोव्हेंबरात डे-केअरच्या डोसांचे पैसे मिळाले, पण पॉलिसीतल्या मर्यादेपुरतेच. मलमं, किरणांचा शेक, स्किनवाल्यांच्या फिया यातला एक रुपयाही नाही.

आणखी एक फॉर्म भरला, ज्यातून मला काही मिळणार नव्हतं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम २०१० पासून आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे आणि १८०० १८० ३०२४ हा मोफत नंबर. पेशंटनं स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो. पूर्ण नाव नको, नुसती आद्याक्षरं चालतात. औषध, बॅच, सुरू-बंद तारखा, काय झालं, किती त्रास झाला. जवळच्या मेडिकल कॉलेजातल्या केंद्रात दिला. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी बॅच नंबर बघून विचारलं, "खोकं जपून ठेवलं होतं?" ठेवलं नव्हतं, फक्त स्टिकर वहीत चिकटवलेले होते. त्यावर चाललं.

सप्टेंबरपर्यंत नव्या पुटकुळ्या यायच्या थांबल्या. ऑक्टोबरात मशीननं पहिल्याच झटक्यात अंगठा घेतला, आणि मी मस्टरची परवानगी रद्द करण्याचा अर्ज दिला. त्याला मात्र एकच दिवस लागला. तळपायांना जास्त वेळ लागला. कानामागची खपली अजून अधूनमधून येते, तिला लोशन आहे.

नव्या औषधाचेही स्वतःचे उद्योग आहेतच. डिसेंबरात जिभेवर पांढरा थर आला, तिखट लागेना. आयएल-१७ अडवलं की तोंडात बुरशी होऊ शकते, हे आधी सांगितलेलं होतं, त्यामुळे घाबरले नाही. तोंडात लावायच्या औषधानं आठवड्यात गेलं. बरगडीवर एकाच बाजूला दुखरे फोड (म्हणजे नागीण), तापासोबत अंगभर पुटकुळ्या, तोंडात जखमा होऊन त्वचा सुटणं, ओठ-डोळे सुजून धाप लागणं, पायाला पसरत जाणारी गरम लाली. यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता निघायचं. ही यादी डॉक्टरांच्या अक्षरात माझ्या फ्रिजच्या दारावर आहे, इंजेक्शनच्या तारखांशेजारी.

पाठ ऐंशी टक्के बरी आहे, अडालिमुमॅबच्या दिवसांइतकी नाही. डोस वाढवायचा का, हे पुढच्या भेटीत ठरेल. त्याआधी रक्ततपासण्या, पुन्हा एकदा लिव्हर, आणि विम्याच्या नूतनीकरणाचा हप्ता, जो या वर्षी वाढून आला आहे.